चित्रावर पहिला शेरा मुलाचा

‘मुलांनी आपल्याच चित्राला मार्क द्यायचे? मग सगळेच पहिले!’ दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बदलीवर आलेल्या मराठी पालकांचा हा आक्षेप समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रात एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा असतात, श्रेणी मिळते, दहावीला वाढीव गुणांचा आधार होतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र प्रगतिपुस्तकात मुलाच्या स्वयंमूल्यमापनालाही जागा दिली, आणि पालक बिचकले.

पण स्वतःचं काम तपासणं आणि स्वतःला गुण देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेक्टर 7च्या टेकडीवरचं मलाई मंदिर सहावीतल्या एखाद्या मुलाने काढलं, असं समजा. पायऱ्या वर जाताना निमुळत्या व्हायला हव्यात, त्याने खालपासून वरपर्यंत सारख्याच रुंदीच्या काढल्या. परीक्षक ‘यथादर्शन चुकले’ म्हणून गुण कापेल. मुलाला विचारलं, तर तो म्हणेल, ‘मी पायऱ्या मोजल्या होत्या, एकही लहान नव्हती.’ आता शिक्षकाला कळतं की मूल डोळ्यांना दिसणारं काढत नाही, ठाऊक असलेलं काढतं. पुढचा धडा काय असावा हे त्या एका वाक्याने ठरतं. ‘ब’ श्रेणीने ठरत नाही.

तिऱ्हाईत परीक्षक निःपक्षपाती असतो, हेही अर्धंच खरं. स्मरणचित्राच्या पेपरासाठी क्लासमध्ये काय चालतं ते सर्वांना माहीत आहे: बाजार, रेल्वे स्टेशन, गणपतीची मिरवणूक, ठरावीक माणसं ठरावीक जागी, हात बसेपर्यंत घोटायची. श्रेणी मिळते. त्या चित्रातला एकही निर्णय मुलाचा नसतो, आणि परीक्षकाला ते कागदावरून उमगण्याचा मार्ग नसतो. ‘ही बाई इथे का उभी केलीस?’ हा प्रश्न विचारला, की घोटलेलं चित्र उघडं पडतं.

वेळेची अडचण मात्र खरी आहे. चाळीस मुलं, एक पिरियड, त्यातही पाणी सांडणार. म्हणून प्रत्येक चित्रावर निबंध नको. महिन्यातून एकदा, कागदामागे तीन ओळी पुरेत: काय जमलं, कुठे अडलं, पुन्हा काढलं तर काय बदलशील.

मला खरी चीड येते ती या पद्धतीच्या खोट्या समर्थकांची. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा छापील तक्ता वाटायचा, मुलांनी हसऱ्यावर खूण करायची, फाइल पूर्ण. यात चित्राकडे कुणीच पाहत नाही. शिवाय त्या खुणेचे गुण धरले, तर मूल खरं कशाला सांगेल? अडलेली जागा मोकळेपणाने सांगता यावी, यासाठी तो कागद गुणांपासून लांबच ठेवला पाहिजे.

ही विलायतेची टूम आहे, असंही म्हटलं जातं. पण शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद 1944मध्ये सेवाग्रामच्या नयी तालीमच्या शाळेत कलाशिक्षक झाले. तयार चित्रापेक्षा ते घडताना मुलात काय घडतं हे महत्त्वाचं, असं त्यांनी वर्ध्याच्या मातीत अनेक वर्षं मुलांबरोबर काम करत मांडलं.

तेव्हा पुढच्या पालकसभेत श्रेणी विचारण्याआधी मुलाची चित्रांची फाइल मागा, कागद उलटा करा आणि त्या तीन ओळी त्यालाच वाचायला सांगा. शिक्षकांनी तेवढा वेळ मूल बोलेपर्यंत मधे बोलू नये.