सॉनिकचा चेहरा बदलला. पण बदलला कुणी?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘श्रेक ५’चा छोटासा टीझर आला. सिनेमाची गोष्ट काय असेल, यावर फारसं कुणी बोललंच नाही. श्रेकचे डोळे असे का केले, नाक वेगळं का दिसतंय, हा आपला श्रेक वाटतच नाही, इथेच सगळी गाडी अडकली. आणि त्या सगळ्या चर्चेत एक नाव हमखास येत राहिलं, सॉनिक. ‘त्याचा चेहरा बदलला ना, मग ह्याचाही बदला!’

म्हणजे २०१९ मध्ये एकदा घडलेली गोष्ट आता चाहत्यांना आपला हक्कच वाटायला लागलीये. ओरडा केला की स्टुडिओ ऐकतो. पण तेव्हा नेमकं काय झालं होतं? आणि ते दरवेळी होऊ शकतं का?

सॉनिक हा सेगा या जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेमचा हिरो. १९९१ मध्ये पहिला गेम आला. निळा, काटेरी, सुसाट पळणारा हेजहॉग. पांढरे हातमोजे, लाल बूट आणि एकमेकांना चिकटलेले मोठ्ठाले डोळे. गेम न खेळलेल्यालाही तो लांबून ओळखता येतो. ३० एप्रिल २०१९ ला पॅरामाउंटच्या सिनेमाचा ट्रेलर आला, तेव्हा त्यात दिसला तो भलताच कुणीतरी. बारीक, वेगवेगळे डोळे, माणसासारखे लांब पाय, हातमोजे गायब. आणि तोंडात चक्क माणसाचे दात! मीम्सचा पाऊस पडला. लोकांनी स्वतःच सॉनिक दुरुस्त करून त्याची चित्रं टाकली.

दोनच दिवसांत, २ मे रोजी, दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी ट्विट करून सांगितलं की तुमचं म्हणणं पोचलंय, डिझाइन बदलणार. सॉनिकच्या ‘गॉटा गो फास्ट’ या प्रसिद्ध वाक्यावरून त्यांनी हॅशटॅगही केला, ‘गॉटा फिक्स फास्ट’. मे संपायच्या आत रिलीजची तारीख ८ नोव्हेंबर २०१९ वरून १४ फेब्रुवारी २०२० वर गेली. नोव्हेंबरमध्ये नवा ट्रेलर आला आणि कालपर्यंत शिव्या घालणारेच वाहवा करू लागले.

पुढचं सगळं आकड्यांत दिसतं. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सिनेमाने जवळपास ५.८ कोटी डॉलर कमावले. गेमवरच्या सिनेमासाठी तोवरचा तो विक्रम होता. जगभरात कमाई ३२ कोटी डॉलरच्या आसपास गेली. २०२२ मध्ये दुसरा भाग आला, २०२४ च्या डिसेंबरमध्ये तिसरा. चाहते जिंकले, स्टुडिओही जिंकला. टाळ्या!

पण थांबा. आधी हे बघूया की चाहत्यांचं ऐकणं इथे जमलं कसं.

एक तर तक्रार अगदी नेमकी होती. ‘बकवास आहे’ एवढंच नव्हतं. डोळे जोडा, दात काढा, हातमोजे घाला, अशी जणू कामांची यादीच हातात आली होती. दुसरं, बरोबर सॉनिक कसा दिसतो, याचं उत्तर सगळ्यांकडे सारखंच होतं. अठ्ठावीस वर्षांचे गेम समोर होते. त्यामुळे नव्या डिझाइनचं काम टायसन हेस यांच्याकडे गेलं, ज्यांनी सॉनिकच्या कॉमिक्सवर आणि ‘सॉनिक मेनिया’ गेमच्या ॲनिमेशनवर आधीच काम केलं होतं. तिसरं म्हणजे जुना चेहरा का खटकतोय, यालाही कारण होतं. मासाहिरो मोरी या जपानी रोबोतज्ज्ञाने १९७० मध्येच ‘अनकॅनी व्हॅली’ची कल्पना मांडली होती. एखादी गोष्ट माणसासारखी दिसायला लागली, पण पुरती माणूस झाली नाही, की ती बघताना अंगावर काटा येतो. कार्टूनच्या तोंडात खरे दात बसवले की नेमकं तेच होतं.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’वाल्या ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’चा टीझर २ ऑक्टोबर २०२२ ला अयोध्येत आला. व्हीएफएक्सवर टीका झाली, रावणाच्या लूकवरून तर रान उठलं. १२ जानेवारी २०२३ ची तारीख १६ जूनवर गेली. गोष्ट सेम टू सेम वाटते ना? पण रिलीजनंतरही व्हीएफएक्सची चेष्टा थांबली नाही आणि वाद संवादांपर्यंत पोचला. काही संवाद तर सिनेमा थिएटरात असतानाच बदलावे लागले.

कारण सॉनिकची मूळ चित्रं सेगाकडे आहेत. रावणाची कुणाकडे आहेत? कुणाच्या मनात टीव्हीवरचा रावण, कुणाच्या मनात कॅलेंडरवरचा, कुणाच्या मनात गावच्या दशावतारातला. शिवाय तिथे काहींची तक्रार ग्राफिक्सची होती, तर काहींची श्रद्धेची. ग्राफिक्सची तक्रार कॉम्प्युटरवर सुटेल एखादवेळेस. दुसरी कशी सुटणार? त्यामुळे तारीख पुढे ढकलली म्हणजे सॉनिकसारखं होईलच, असं समीकरण मांडता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तर आपण विचारतच नाही. हा चेहरा बदलतं कोण?

डिझाइन बदलणं म्हणजे इन्स्टावर फिल्टर लावणं नव्हे. ॲनिमेशन शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना विचारा. आधी नवं मॉडेल बनवायचं. मग त्याचं रिगिंग, म्हणजे हाडं आणि सांधे बसवायचे, चेहऱ्याच्या हालचालींची सोय करायची. मग अंगावरचे केस. डोळ्यांचा आकारच बदलला, तर हसणं, रागावणं, भुवई उडवणं सगळं नव्याने. मग जो जो शॉट आधी झालाय तो परत. त्यात प्रकाश, सावल्या, रेंडर, आणि शेवटी खऱ्या नटांच्या फ्रेममध्ये ते बेमालूम बसवणं.

वर या धंद्याचं गणित बघा. व्हीएफएक्स कंपन्या बहुतेकदा ठरलेल्या रकमेवर काम घेतात. त्यानंतर बदल वाढत गेले तर ताण कंपनीवर येतो आणि तिथून तो आर्टिस्टच्या रात्रींवर येतो. फाउलर यांनाही हे माहीत असावं. तारीख पुढे गेल्याचं सांगताना त्यांनी हातमोजा घातलेला सॉनिकचा हात दाखवला, त्यात एक पाटी. सोबतच्या हॅशटॅगचा अर्थ असा की या सिनेमासाठी एकाही व्हीएफएक्स आर्टिस्टला इजा झालेली नाही. गंमत म्हणून छान. पण असा जोक करावा लागतो, यातच सगळं आलं.

सॉनिकवर काम करणाऱ्या एमपीसी कंपनीने डिसेंबर २०१९ मध्ये आपला व्हँकुव्हरचा स्टुडिओ बंद केला. नव्या ट्रेलरचं कौतुक होऊन जेमतेम महिना झाला होता. रिडिझाइनमुळे स्टुडिओ बंद पडला असं म्हणणं चुकीचं होईल. बाजारातला ताण आणि इतर ठिकाणच्या जास्त चांगल्या संधी, असं कारण कंपनीने दिलं. पण नवा सॉनिक थिएटरात आला तेव्हा तो स्टुडिओ नव्हता, हेही खरंच. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये एमपीसीची मूळ कंपनी टेक्निकलरच कोलमडली. त्यात बेंगळुरू आणि मुंबईतल्या मिळून तीन हजारांहून अधिक जणांचं काम गेलं. पुण्या-मुंबईत व्हीएफएक्सचा कोर्स करणाऱ्या कितीतरी जणांना तिथेच तर नोकरी हवी होती.

मग चाहत्यांनी गप्प बसायचं का? मुळीच नाही. तिकीट आपण काढतो, बोलणार आपणच. ते दात खरंच भयानक होते! पण चेहरा कसा असावा हे वरती बसलेले लोक ठरवतात आणि तो बदलायला रात्री जागतात ते वेगळेच. त्यामुळे ‘ॲनिमेटर झोपले होते का?’ ही आपली आवडती कमेंट चुकीच्या पत्त्यावर जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी एकमताने युनियनच्या बाजूने मत दिलं. तेव्हा ट्रेलरच्या वेळी करतो त्याच्या निम्मा जरी गाजावाजा आपण केला असता, तर?

२०२२ च्या ‘चिप अँड डेल’ सिनेमात तो जुना, दातवाला सॉनिक एक विनोदी पात्र म्हणून परत आला. नाकारलेल्या चेहऱ्यालाही शेवटी काम मिळालं. तो चेहरा बनवणाऱ्यांचं आणि नंतर पुसणाऱ्यांचं नाव मात्र क्रेडिट्समध्ये असतं आणि तोवर आपण पार्किंगमध्ये पोचलेले असतो. पुढच्या टीझरवर जरूर तुटून पडा. फक्त ‘बदला’ म्हणताना तारीखही पुढे न्या, असं म्हणायला विसरू नका.