ऑप्टिमस प्राइमला कोणी मारलं?

दोस्तांनो, प्रश्न सोपा वाटतो ना? ट्रान्सफॉर्मर्सचे भक्त तर लगेच हात वर करतील आणि ओरडतील, ‘‘मेगॅट्रॉननं!’’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं शोधायला आपल्याला १९८६ सालच्या अमेरिकेत जायचंय. वाटेत थोडा वेळ जपानमध्येही थांबू. तिथं एक मोठं कोडं सुटणार आहे.

पण घरातल्या सगळ्यांनाच ही रोबोमंडळी ठाऊक असतील असं नाही. आई-बाबा, तुमच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सायबरट्रॉन नावाचा एक ग्रह. तिथं माणसं नाहीत, झाडं नाहीत, सगळे जीव धातूचे. त्यांच्यात दोन तट पडले. ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन. म्हणजे सरळ सरळ भाऊबंदकीच! लढता लढता दोघांनी मिळून आपला ग्रह पार पिळून काढला. मग ऑटोबॉट ‘आर्क’ नावाच्या यानातून बाहेर पडले, डिसेप्टिकॉन त्यांच्या पाठलागावर, आणि ते यान आदळलं कुठं, तर आपल्या पृथ्वीवर. एका ज्वालामुखीच्या पोटात सगळे ४० लाख वर्षं निपचित पडून राहिले. १९८४ साली जागे झाले आणि उठल्या उठल्या पुन्हा भांडायला लागले. लपण्यासाठी त्यांनी रूपं घेतली ती आपल्या यंत्रांची. कोणी मोटार झालं, कोणी लढाऊ विमान. ऑटोबॉटांचा नायक ऑप्टिमस प्राइम झाला लाल ट्रक. डिसेप्टिकॉनांचा म्होरक्या मेगॅट्रॉन झाला पिस्तूल.

थांबा, थांबा. काहींच्या भुवया वर गेल्या. एवढा अगडबंब रोबो आणि हातात मावणारं पिस्तूल? त्याचं वजन गेलं कुठं? पहिल्या कार्टूनमध्ये तो खरंच लहान होऊन दुसऱ्याच्या हातात बसायचा. शास्त्राच्या सरांना विचाराल तर ते हात जोडतील. याचं उत्तर शास्त्रात नाहीच मुळी, ते आहे जपानमधल्या खेळण्यांच्या दुकानात.

झालं होतं असं. जपानच्या ताकारा कंपनीची दोन वेगवेगळी खेळणी होती. एकाचं नाव डायाक्लोन. त्यातल्या गाड्या उलगडल्या की रोबो व्हायचे आणि त्यांच्या आत बसायला अंगठ्याएवढा चालक मिळायचा. म्हणजे रोबो मोठा, माणूस लहान. दुसरं मायक्रोमॅन. त्यातले वीर आकारानं चिमुकले, म्हणून त्यांचे रोबो घरातल्या वस्तूंमध्ये दडायचे. कॅसेट प्लेअर, पिस्तूल, खेळण्यातली छोटी गाडी. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं ही दोन्ही खेळणी घेतली, एकाच पेटाऱ्यात टाकली आणि वर चिठ्ठी चिकटवली ‘ट्रान्सफॉर्मर्स’. ऑप्टिमस आला डायाक्लोनमधून. मेगॅट्रॉन आणि कॅसेट प्लेअर होणारा साउंडवेव्ह आले मायक्रोमॅनमधून. आणि तुमचा लाडका पिवळा बम्बलबी? तोही मायक्रोमॅनमधलाच. म्हणजे तो मुळात मोटारगाडीसुद्धा नव्हता, मोटारगाडीच्या खेळण्याचं खेळणं होता!

या सौद्यात एक फार मोठा बदल झाला. जपानमधला लाल ट्रक हे चालवायचं यंत्र होतं. आत माणूस बसणार, कळा दाबणार, मग ते हलणार. अमेरिकेत पोचताना आतला माणूस गळाला. मग आता याला चालवणार कोण? ठरलं असं की तो स्वतःच चालेल. तो जिवंत आहे, त्याला मन आहे, तो विचार करतो.

हे ठरवायचं काम हॅस्ब्रोनं मार्व्हल कॉमिक्सकडे दिलं होतं. मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी दोन तटांच्या युद्धाचा आराखडा लिहिला. ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनिस ओ’नील यांनी दिलं. बाकीची बरीच नावं मात्र कंपनीच्या पसंतीस उतरेनात. तेव्हा बॉब बुडियान्स्की नावाच्या संपादकानं ते काम अंगावर घेतलं आणि सुट्टीच्या दोन-चार दिवसांत बहुतेक रोबोंचं बारसं उरकून टाकलं. मेगॅट्रॉन हे नाव त्यांचंच. कंपनीचे लोक म्हणाले, नाव जरा भीतिदायक वाटतंय. बुडियान्स्की म्हणाले, अहो, तो खलनायक आहे, भीती वाटायलाच हवी!

बुडियान्स्की नुसती नावं देऊन थांबले नाहीत. त्यांनी प्रत्येक रोबोचा स्वभाव लिहिला. कोण भित्रा, कोण बढाईखोर, कोणाला पृथ्वी आवडते, कोणाला कधी एकदा घरी जातो असं झालंय. ही माहिती खेळण्याच्या खोक्यावर मागच्या बाजूला छापलेली असे. सोबत ताकद, बुद्धी, वेग, चिवटपणा, हुद्दा, धैर्य, मारा आणि कौशल्य अशा आठ गुणांचा आलेख. पण तो सहज दिसायचा नाही बरं का! त्यावर लाल नक्षीचा गिचमिडा छापलेला असायचा. खोक्यात लाल प्लास्टिकची एक पट्टी मिळे. ती आलेखावर धरली की नक्षी गायब आणि रेघा हजर! मुलं ती खोकी कापून जपून ठेवायची. (ही जादू घरी कशी करायची, ते शेवटी सांगतो. पण आत्ताच पान उलटू नका.)

खोक्यावरचा ऑप्टिमस कसा होता? विचार करू शकणाऱ्या प्रत्येक जीवाला स्वातंत्र्याचा हक्क आहे, असं मानणारा. आणि त्याचा आवाज? १९८४ च्या सप्टेंबरात टीव्हीवर कार्टून सुरू झालं, त्यात हा आवाज दिला पीटर कलन यांनी. त्यांचे थोरले भाऊ लॅरी व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेले. पीटर आवाजाच्या चाचणीला निघाले तेव्हा म्हणाले, मी ट्रक व्हायला चाललोय. लॅरींनी हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी सांगितलं की ओरडणारा, छाती ठोकणारा नायक करू नकोस. खऱ्या बलवान माणसाला मऊ बोलणंही जमतं. कलन यांनी भावाचाच आवाज डोळ्यांसमोर ठेवला. म्हणून ऑप्टिमस रागावतानाही किंचाळत नाही. ऐकून पाहा कधी.

आता पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे कार्टून म्हणजे खेळण्यांची जाहिरातच होती. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती किती असाव्यात यावर अमेरिकेत पूर्वी मर्यादा होती. १९८४ साली तिथल्या सरकारी आयोगानं ती काढून टाकली आणि खेळण्यांवर बेतलेल्या कार्टूनांचा पूर आला. दुकानात नवा रोबो आला की तो कार्टूनमध्ये दिसलाच पाहिजे. आणि दुकानातून जुना रोबो गेला की? हाच तर खरा प्रश्न.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला मोठा चित्रपट आला. चित्रपटगृहं लहान मुलांनी भरली. दोन वर्षं टीव्हीवर ज्यांना पाहिलं, ते दोस्त आता मोठ्या पडद्यावर! टीव्हीवर कितीही गोळीबार झाला तरी कोणी मरायचं नाही. थोडा धूर, थोडी दुरुस्ती, पुन्हा ताजेतवाने. इथं मात्र सुरुवातीलाच डिसेप्टिकॉन एका यानात घुसतात आणि आयर्नहाइड, प्रॉल, रॅचेट, ब्रॉन हे चार जुने ऑटोबॉट पटापट मारले जातात. मुलं गप्प. मग ऑप्टिमस येतो. मेगॅट्रॉनला तो जवळजवळ हरवतो. इतक्यात हॉट रॉड नावाचा तरुण ऑटोबॉट मदत करायला मध्ये पडतो, मेगॅट्रॉन त्यालाच ढालीसारखा धरतो आणि ऑप्टिमसवर गोळ्या झाडतो. पुढच्या प्रसंगात ऑप्टिमस पलंगावर पडलाय, भोवती सगळे उभे आहेत. आपल्याकडचा ‘मॅट्रिक्स’, म्हणजे नायकपदाचा ठेवा, तो दुसऱ्याच्या हाती देतो. डोळ्यांतला प्रकाश विझतो. आणि त्याचा लाल-निळा रंग हळूहळू राखाडी होत जातो.

अजून चित्रपटाचा निम्मा भागही झालेला नव्हता. थिएटरात मुलं हुंदके देऊन रडत होती. पॉपकॉर्नचा पुडा मांडीवर घेऊन बसलेल्या आई-वडिलांना कळेना की एका ट्रकसाठी एवढं रडण्यासारखं काय झालं.

का मारलं त्याला? कारण ऐकून राग येईल. १९८४ आणि ८५ ची खेळणी विकून झाली होती. आता नवी खेळणी विकायची होती. दुकानातलं फळकुट रिकामं करायचं, म्हणून पडद्यावरचे जुने वीर काढून टाकायचे! चित्रपटाचे लेखक रॉन फ्रीडमन यांनी पुढे सांगितलं, की आपण कंपनीला बजावलं होतं. घरातला बाप काढून घेतल्यासारखं होईल हे, त्याला परत आणावं लागेल. कंपनीनं ऐकलं नाही. मालिकेवर काम करणारे फ्लिंट डिल यांनीही नंतर मोकळेपणानं सांगितलं, की ऑप्टिमस मुलांना इतका जवळचा आहे याचा आम्हाला पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी तो यादीतला जुना माल होता.

मला यात सगळ्यात जास्त नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. हा ट्रक जिवंत आहे, त्याला मन आहे, तो दुसऱ्यासाठी जीव देईल, हे मुलांच्या मनानं रचलेलं नव्हतं. कंपनीनंच ते लिहवून घेतलं आणि खोक्यावर छापलं. मुलांनी फक्त ते लक्षपूर्वक वाचलं. कंपनीनं मात्र स्वतःचंच खोकं कधी वाचलं नव्हतं असं दिसतं.

गंमत पाहा, जवळपास त्याच सुमारास बुडियान्स्कींच्या कॉमिक्समध्येही ऑप्टिमसला जावं लागलं. १९८७ च्या जानेवारीचा अंक, क्रमांक २४. पण त्यांनी त्याला कसं पाठवलं! ऑप्टिमस आणि मेगॅट्रॉन प्रत्यक्ष न लढता एका संगणकाच्या खेळात लढतात. जो हरेल त्यानं नष्ट व्हायचं, अशी पैज. ऑप्टिमस जिंकतो. पण जिंकण्याच्या नादात त्या खेळातले काही निरपराध जीव त्याच्यामुळे मरतात. पडद्यावरची चित्रं हो, नुसती चित्रं! ऑप्टिमस म्हणतो, मी नियम मोडला, म्हणजे मी हरलो. आणि तो स्वतःलाच नष्ट करायला लावतो. कित्येक वाचकांना हे अति वाटतं. मला विचाराल तर खोक्यावरच्या ऑप्टिमसला शोभणारं मरण हेच. स्वतः एकेकाळचं खेळणं असलेला जीव दुसऱ्या खेळातल्या जिवांना ‘खोटे’ कसा म्हणेल? शेवटी तो खेळ बनवणारा तरुण खिशातून एक फ्लॉपी काढतो. तिच्यावर लिहिलेलं असतं, ऑप्टिमस प्राइम! (फ्लॉपी म्हणजे काय, ते बाबांना विचारा. पेन ड्राइव्हची आजी.)

इकडे हॅस्ब्रोकडे पत्रं येत होती. मुलांची आणि पालकांचीही. परिणाम काय झाला, ऐका. याच कंपनीच्या जी. आय. जो या खेळण्यांवरचा चित्रपट तेव्हा तयार होत होता आणि त्यातही ड्यूक नावाचा नायक मरणार होता. प्रसंगाचं चित्रण आधीच झालेलं. मग घाईघाईनं एक वाक्य घुसडलं, की ड्यूक बेशुद्ध आहे. आणि शेवटी आणखी एक वाक्य, की ड्यूक बरा झाला! प्रसंग पाहताना स्पष्ट कळतं की तो गेलाय, पण कानांवर येतं की तो झोपलाय.

आणि ऑप्टिमस? १९८७ च्या फेब्रुवारीत दोन भागांत त्याला कार्टूनमध्ये परत आणलं गेलं. त्या कथेत विश्वभर द्वेषाची साथ पसरलेली असते. कोणी कोणाला नुसतं शिवलं तरी द्वेष लागतो, मग ऑटोबॉट असो, डिसेप्टिकॉन असो, की माणूस. ऑप्टिमस मॅट्रिक्समधलं शहाणपण मोकळं करतो आणि साथ ओसरते. मेगॅट्रॉनचा तोवर नव्या रूपात गॅल्व्हॅट्रॉन झालेला असतो. तो पुढे येतो, आज युद्ध नाही असं सांगतो आणि चक्क ऑप्टिमसशी हात मिळवतो! दुसऱ्या दिवशी भांडण पुन्हा सुरू, ते सांगायला नकोच. पुढे २००७ सालच्या चित्रपटात ऑप्टिमस बोलला तो पीटर कलन यांच्याच आवाजात. मुलं म्हणून १९८६ मध्ये रडलेले कित्येक जण तेव्हा स्वतःच्या मुलांना घेऊन बसले होते.

आता लाल पट्टीची जादू. पांढरा कागद घ्या. फिकट आकाशी रंगाच्या पेन्सिलीनं त्यावर आठ आडव्या रेघा काढा, गुणांप्रमाणे लांब-आखूड. पूर्ण लांबी म्हणजे दहा गुण. मग लाल पेन्सिलीनं त्यावर भरपूर गिरगटा, रेघा शोधता येऊ नयेत इतपत. आता लाल जिलेटीन कागदाची दुहेरी घडी डोळ्यांसमोर धरून पाहा. पांढरा कागदही लाल दिसतो, त्यामुळे लाल गिरगटा त्यात विरून जातो. आकाशी रंगाकडून लाल प्रकाश फारसा परत येत नाही, म्हणून त्या रेघा काळपट उठून दिसतात.

कार्ड कोणाचं करायचं? माळ्यावर किंवा पलंगाखाली चाक निखळलेली एखादी गाडी, हात तुटलेला एखादा पैलवान असेलच. त्याला नाव द्या, तो कशाला भितो आणि कोणासाठी भांडेल ते चार ओळींत लिहा, मग आठ गुण भरा. धैर्याचे गुण देताना हात आखडू नका. कार्ड झालं की आईला वाचून दाखवा. ते खेळणं भंगारवाल्याला द्यायचं की नाही, हे दोघं मिळून मग ठरवा.