युमेरल्ला: युद्ध नाकारणाऱ्यांना वृंदगानाचे उत्तर

१/४ ऑस्ट्रेलिया ‘शांततेत वसला’, हे विधान असत्य आहे. १८४०च्या दशकात, आजच्या व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येस, भूमी बळकावणाऱ्या मेंढीपालक वसाहतवाल्यांशी गुंडिचमारा लोक वर्षानुवर्षे लढले. लाव्हाच्या खडकाळ रानाआडून ते छापे घालीत. त्यांना मोडण्यासाठी सरकारला सशस्त्र पोलीस दल धाडावे लागले. याला युद्ध म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? तरीही कॅनबेरातील राष्ट्रीय युद्धस्मारकाने, १९४१ साली ते उघडल्यापासून अनेक दशके, या मृतांना आपल्या स्मरणात स्थान दिले नाही.

२/४ ते स्थान संगीताने दिले. यॉर्टा यॉर्टा समाजातील गायिका व संगीतकार डेबोरा चीथम यांनी ‘युमेरल्ला’ हे रेक्विएम, म्हणजे मृतांच्या शांतीसाठीचे वृंदगान, गुंडिचमारा भाषेत रचले. २०१८ मध्ये ते गुंडिचमारा भूमीवरच, पोर्ट फेरी येथे, प्रथम सादर झाले. २०१९ मध्ये मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्रासह मेलबर्नमध्ये.

३/४ श्रोत्यांना न कळणाऱ्या भाषेत शोक कशासाठी, असे कोणी विचारील. मोझार्ट आणि व्हेर्दी यांची रेक्विएम लॅटिनमध्ये आहेत. तेथे हा प्रश्न कोणालाच सुचत नाही. अडचण आकलनाची नाही, कोणत्या भाषेला पावित्र्याचा मान द्यायचा याची आहे.

४/४ वसाहतीने जी भाषा दडपली, तिचे उच्चार आता वसाहतवाल्यांच्या वारसांनाही शिकावे लागले. स्मारकापुढे क्षणभर मान झुकवून निघून जाता येते. हा शोक मात्र मृतांचे शब्द आपल्या तोंडी घेतल्यावाचून गाता येत नाही.