सोलापूरच्या पोरीशी जर्मनच बोला

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझी भाची तीन आठवड्यांच्या भाषावर्गासाठी सोलापूरहून जर्मनीतल्या श्वेबिश हालला आली. पहिल्याच शनिवारी आम्ही तिला घरी घेऊन आलो. इथल्या मराठी मंडळातली चार कुटुंबं जमली. तिनं आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी निघाली, रात्री दोनपर्यंत गप्पा झाल्या. रविवारी संध्याकाळी तिला डोळे पुसत गाडीत बसवून दिलं. सोमवारी दुपारी तिचा फोन आला. "मावशी, आज वर्गात तोंडच उघडेना. बाईंनी विचारलं, सुट्टीत काय केलंस? सांगायला एवढं होतं, पण सगळं मराठीत होतं."

तेव्हापासून मला वाटतं आहे की भाषा शिकायला आलेल्या मुलांचं आपण चुकीचं आदरातिथ्य करतो. दिवसा त्यांच्याशी मराठी बोलायचं नाही, असं मंडळातल्या प्रत्येक घरानं ठरवावं, एवढ्यासाठी हा लेख.

ही मुलगी इथवर कशी आली ते बघा. घरी टॉवेलचे माग. दीड वर्ष दर शनिवारी पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जर्मनच्या क्लासला जायचं आणि त्याच गाडीनं रात्री परत. तिकीट, फी, व्हिसा, सगळं मागावर काढलेल्या पैशातून. अशा मुलीचे इथले एकवीस दिवस म्हणजे घरच्यांनी पै-पै करून घेतलेली वस्तू आहे. त्यातले दोन आम्ही एका झटक्यात संपवले.

तिचा एरवीचा दिवस असा. सकाळी सातला बेकरी. पुस्तकात छोट्या पावाला 'ब्र्योटशेन' म्हणतात, पण श्वाबेन भागात त्याचं 'वेकले' होतं. हे तिला पुण्यात कुणी सांगितलेलं नव्हतं. काउंटरमागच्या बाईंनी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती 'वेकले'च मागू लागली. मग दुपारपर्यंत वर्ग. दुपारी खरं शिक्षण: बाईंनी दिलेली कामं घेऊन गावात हिंडायचं. एक दिवस काम होतं, हे गाव मिठावर कसं उभं राहिलं ते गावकऱ्यांना विचारून या. सेंट मिखाएल चर्चसमोरच्या मोठ्या पायऱ्यांवर, जिथे १९२५ पासून उन्हाळ्यात उघड्यावर नाटकं होतात, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते अर्धा तास बोलले. तिला तिसरा हिस्सा कळला. मग त्यांनी विचारलं, तुझं गाव कशावर उभं आहे? चादर, टॉवेल, माग, सगळे शब्द तिनं खाणाखुणांनी, अडखळत जुळवले. तो अर्धा तास कुठल्या पुस्तकात मिळणार?

आणि सोलापूरच्या मुलांना हे नवं नाही. भाचीचं घर पूर्व भागात. शेजारी पद्मशाली कुटुंब, त्यांच्या आजी तेलुगूशिवाय अवाक्षर बोलायच्या नाहीत. त्या उंबऱ्यावर खेळता खेळता ही पाचव्या वर्षी तेलुगू बोलायला लागली. बाजारात कन्नड कानावर पडलं, शाळेत उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या. कुणी शिकवणी लावली नाही. त्या आजींनी दया येऊन मराठीत बोलायला सुरुवात केली असती, तर तिला आज तेलुगू येत नसतं.

शिवाय मराठी माणसाला जर्मनचा बाऊ करायचं कारण नाही. तो, ती, ते आपल्याकडेही आहे, फक्त कुठली वस्तू कुणाच्या वाट्याला गेली ते नव्यानं पाठ करायचं. जर्मनमध्ये सूर्य 'ती' आणि चंद्र 'तो'. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी घेतो, जर्मनही 'पाच-आणि-वीस'च म्हणतात. तेलुगू-कन्नडमध्ये वीस आधी येतात. 'कारण मला ताप आहे' हे वाक्य जर्मनमध्येही 'आहे'वरच संपतं, आणि इंग्रजी शाळेत शिकलेली मुलंच तिथं जास्त अडखळतात. हे सगळं वर्गात समजतं, पण जिभेवर बसतं ते बोलूनच.

आता हा प्रश्न एका भाचीपुरता उरलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि आपलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात करार झाला. दहा हजार कुशल तरुणांना इथं कामाला आणण्याचं त्यात ठरलं. परिचारिका, वीजतंत्री, ड्रायव्हर, स्वयंपाकी. यातली मुलं लातूर, सोलापूर, धाराशिवकडचीही असणार. परीक्षेचा कागद त्यांच्या हातात असेल, पण रात्रपाळीत ऐंशी वर्षांचा रुग्ण श्वेबिश बोलीत पाणी मागेल तेव्हा तो कागद बोलणार नाही. ही मुलं इथं उतरल्यावर पहिला फोन करतील तो मंडळालाच. तेव्हा आपण काय करायचं, हे आत्ताच ठरवायला हवं.

परक्या गावात पोरीला आपली भाषाही ऐकू द्यायची नाही, हा दुष्टपणा आहे, असं मला मंडळातल्या एका ताईंनी सुनावलं. त्यांचं मन मला कळतं. मीही पहिल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये रडले आहे. म्हणून तर रात्री नऊनंतर मराठी, आईशी "काय करलालीस?" म्हणत हवं तितकं. पण दिवस जर्मनचा. सोलापूरचेच डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, आणि तिथली भाषा शिकून तिथल्या जखमी सैनिकांत राहिले. १९४२ मध्ये वारले तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक आहे, आणि त्यांना कुणी परकं मानत नाही.

दुसऱ्या शनिवारी भाची आली तेव्हा मी दारातच जर्मनमध्ये बोलायला लागले. ती हिरमुसली. जेवताना दोघी जवळजवळ गप्पच होतो आणि मला फार अपराधी वाटत होतं. मग शेजारच्या आजींनी तिला त्यांच्या बागेत नेलं. तिथं झाडाखाली पडलेले प्लम वेचायचे होते, केक करायचा होता. संध्याकाळी दोघींचे हात जांभळे. रात्री नऊ वाजता तिनं मला मराठीत पहिलं वाक्य सांगितलं: "त्या आजी पण माझी चूक झाली की थांबतात, आमच्या तेलुगू आजींसारख्या."

त्या सोमवारी तिचा फोन आला नाही. मंगळवारी आला, पण तो शेजारच्या आजींच्या नंबरवर.