झणझणीतपणाचें थोतांड

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील भोजनगृहांच्या पाट्यांवर एक शब्द असा कांहीं माजला आहे कीं, त्याच्यापुढें इतर सारे रसवाचक शब्द दीन होऊन बसले आहेत. तो शब्द म्हणजे 'झणझणीत'. मिसळ झणझणीत, मटण झणझणीत, आणि आतां माशाची आमटीही झणझणीत. जो पदार्थ खाऊन डोळ्यांतून पाणी आलें नाहीं तो अस्सल नव्हे, आणि ज्याच्या डोळ्यांतून तें आलें तो मर्द नव्हे, असा दुहेरी न्याय सध्यां चालू आहे. या न्यायाविरुद्ध तक्रार मांडण्याचें मी योजिलें आहे. वाङ्मयीन मासिकांत आमटीची चर्चा कशाला, अशी शंका ज्यांस येईल त्यांस इतकेंच सांगतों कीं, भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत रसाचें स्वरूप समजाविण्यासाठीं दृष्टांत घेतला तो नाना व्यंजनांनीं संस्कारलेल्या अन्नाचाच. ज्यांची जीभ बधिर झाली त्यांची अभिरुचि फार काळ शाबूत राहील, असा भरंवसा मला तरी वाटत नाहीं.

आमच्या झणझणीतवाद्यांचा पहिला प्रमाद असा कीं, ते चटक्यालाच चव समजतात. आपल्या जुन्या वैद्यकानें कटुरस मानला आहे खरा. पण तो सहांपैकीं एक, बाकीच्या पांचांचा कारभार त्याच्या हातीं दिलेला नाहीं. आधुनिक शरीरशास्त्र तर याच्याही पुढें जातें. मिरचींतील कॅप्सेसिन हें द्रव्य रुचि ओळखणाऱ्या पेशींना नव्हे, तर दाह ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवितें. ज्या ग्राहकाला तें बिलगतें, तोच ग्राहक सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वरील उष्णतेनेंही जागा होतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेंत १९९७ सालीं या ग्राहकाचा शोध लागला, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. मिरचीला चव आहे, गंध आहे, रंग आहे; पण तीं सारीं तिच्या तिखटपणाहून निराळीं आहेत. केवळ तिखट असलेल्या पदार्थाला चव आहे असें म्हणणें म्हणजे चपराक खाऊन गायनाची तारीफ करण्यासारखें आहे.

दुसरा प्रमाद शर्यतीचा. १९१२ सालीं विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानें, मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यांत कितपत पातळ केला म्हणजे चटका लागेनासा होतो, हें पाहून तिखटपणा मोजण्याची रीत काढली. औषधशास्त्राच्या या मापाचा आतां आखाडा झाला आहे. २००७ सालीं ईशान्य भारतांतील भूत जोलोकिया १० लाखांवर आंकडा नोंदवून जगांत पहिली ठरली. २०२३ सालीं 'पेपर एक्स' या अमेरिकन मिरचीनें २६,९३,००० चा आंकडा गांठला. आमचे सुशिक्षित तरुण हे आंकडे तोंडपाठ म्हणून दाखवितात. पण ब्याडगी आणि संकेश्वरी समोर ठेवल्या, तर कोणती कोणती हें त्यांच्यांतील किती जणांस सांगतां येईल? शिवाय तिखट पचविण्यांतच पराक्रम असेल, तर पहिला मान बुलबुलाचा. पक्ष्यांना या चटक्याची जाणीवच नसल्यामुळें तो पिकलेली मिरची आरामांत गिळतो आणि तिचें बी दूरवर नेऊन टाकतो. त्यानें या कर्तृत्वाची पाटी कोठें लावल्याचें ऐकिवांत नाहीं.

मी हें उपदेशकाच्या आसनावरून बोलत नाहीं. या पापांत माझाही वांटा आहे. आमचें घर मूळचें मालवणाकडचें. आईची बांगड्याची आमटी खाऊन मी वाढलों, इंग्रजी वाङ्मय शिकलों आणि पुढें शिकवूं लागलों. पण ती आमटी होते कशी, हें पाहण्यासाठीं चुलीशीं एकदांही बसलों नाहीं. स्वयंपाकघर ही बायकांची बाब, ही समजूत माझ्या पदवीनें घालविली नव्हती. दहाएक वर्षांपूर्वीं एकदां उत्साहाच्या भरांत मी स्वतः आमटी केली. बाजारांतील लालभडक तिखट सढळ हातानें घातलें आणि मोठ्या डौलानें आईपुढें पान मांडलें. तिनें दोन घांस घेतले, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मिरची कळली रे बाबा, पण बांगडा खंय गेलो?"

या एका प्रश्नांत माझा सारा युक्तिवाद आहे. तिच्या आमटींत ओल्या खोबऱ्याचें वाटप असे. त्यांत रंगासाठीं भिजविलेली ब्याडगी आणि धारेसाठीं एखाददुसरीच संकेश्वरी, बरोबर धणे आणि हळद. वाटप गंधासारखें मऊ होईपर्यंत पाटा सुटत नसे. आंबटपणा आमसुलांचा, आणि बांगड्याचा उग्र वास मोडण्यासाठीं काळी बी काढून ठेंचलेलीं चार तिरफळें. मासा पडल्यावर डाव घालावयाचा नाहीं, फडक्यानें भांडें धरून हलवावयाचें. उतरतांना वरून थोडें कच्चें खोबरेल. यांत कांहींही शोभेचें नाहीं. कॅप्सेसिन पाण्यांत विरघळत नाहीं, स्निग्धांत विरघळतें. म्हणून खोबऱ्याच्या दुधांत तिखट सौम्य होऊन सर्वत्र पसरतें. मिरची येथें पंगतींतील एक पाहुणी आहे, यजमानीण नव्हे, यजमान बांगडाच. तिला यजमानपद दिलें कीं बांगडा ताजा आहे कीं शिळा, हें विचारण्याचेंही कारण उरत नाहीं. झणझणीतपणा हें शिळ्या मासळीवरचें सर्वांत स्वस्त पांघरूण आहे, आणि तें पांघरूण आपणच मागून घेतों.

दुसऱ्या दिवशीं आईनें सुक्या मिरच्यांतील बिया एका पुडींत बांधून माझ्या हातीं दिल्या. पहिल्या वर्षीं रोपांवर बोकड्या पडला, पानें चुरडलीं आणि पीक बुडालें. दुसऱ्या वर्षीं सज्जांत जेथें पांच-सहा तास ऊन येतें तेथें कुंड्या ठेवल्या, पाणी तुंबणार नाहीं असें पाहिलें, आणि मिरची लागली. तेव्हां मला जें समजलें तें कोणत्याही ग्रंथानें शिकविलें नव्हतें. हिरवी असतांना मिरचीचा गंध एक, लाल झाल्यावर दुसरा, वाळल्यावर तिसरा. तिखटपणाचें घर बींत नसून बी जिला चिकटलेलें असतें त्या पांढऱ्या शिरेंत आहे. ती काढून टाका, चव राहते आणि चटका ओसरतो. दोन जाती शेजारीं लावल्या तर पुढच्या पिढींत त्यांचा संकर होऊं शकतो. म्हणजे एखादी जात टिकविण्यासाठीं कोणी तरी पिढ्यान् पिढ्या बी राखावें लागतें. ब्याडगीला २०११ सालीं आणि गोव्यांतील काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें अशा बी राखणाऱ्या हातांचेंच श्रेय होय. पुडींतील निनांवी तिखट आणणाऱ्याला या हातांची ओळख व्हावी कशी?

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, मिरची मुळांत परकी. तिचा एवढा अभिमान कशाला? ती परकी आहे, हें निर्विवाद. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं अमेरिकेबाहेर तिला कोणी ओळखत नव्हतें. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकांत ती आपल्या किनाऱ्याला लागली. पण वस्तु आपली होते ती जन्मानें नव्हे, मशागतीनें. आणि ती मशागत आपण सोडली तर मिरची पुन्हां परकी होईल. दुसरा आक्षेप वेळेचा. पाट्यावर वाटण्याचा आग्रह मी धरीत नाहीं. माझ्याही घरीं मिक्सरच चालतो. तिसरा, दोन कुंड्यांनीं वर्षाचा मसाला होईल काय? होणार नाहीं. पण कुंडी ही काटकसरीसाठीं नव्हे, शिक्षणासाठीं आहे. पांच रोपें वाढविणारा मनुष्य बाजारांत मिरची डोळसपणें निवडतो, आणि कोणाच्याही पाटीला भुलत नाहीं.

आज आई नाहीं. तिच्या वाटपाचें प्रमाण कोठेंही लिहिलेलें नाहीं. मी विचारलें नाहीं आणि विचारण्यासारखें कांहीं आपल्यापाशीं आहे, असें तिलाही कधीं कोणी भासविलें नाहीं. मी आतां अंदाजानें करतों. कधीं साधतें, पुष्कळदां साधत नाहीं. ज्यांच्या घरीं असें विचारावयाला माणूस अजून आहे, त्यांनीं हा अंक मिटून स्वयंपाकघरांत जावें आणि हातांत पाटी-पेन्सिल घेऊन बसावें. मिरचीचें रोप नंतर लावलें तरी चालेल.