एक नॉट कमी, घरात बरकत

मिरकरवाडा असो, राजिवडा असो की साखरीनाटे, जिथे वाट्याची पद्धत आहे तिथे फेरीचा हिशेब साधारण एकाच क्रमाने मांडला जातो. लिलावात मासळीचे जे पैसे आले, त्यातून आधी डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो. जे उरेल त्यातून मालकाचा, तांडेलाचा आणि खलाशांचा वाटा निघतो. म्हणजे जास्त जळालेले डिझेल एकट्या मालकाच्या खिशातून जात नाही. खलाशाच्या घरचा किराणा आणि मुलांची फीही त्यातच जळते. म्हणून या महिन्यात आपण बोटीच्या वेगाचा हिशेब करू या.

शाळेत आम्ही मुलांना वेग, वेळ आणि अंतर यांची गणिते घालतो. वेग वाढला की वेळ वाचतो, एवढ्यावर ते गणित संपते. समुद्रात मात्र त्याला आणखी एक पायरी आहे. ट्रॉलर ही पाणी बाजूला सारत चालणारी जड बोट. स्पीडबोटीसारखी ती पाण्यावर चढून पळत नाही. ती पुढे सरकते तशी नाळेपाशी लाट उठते आणि वेग वाढेल तशी ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी बोटीच्या लांबीएवढी झाली की मागचा भाग खोलगट पाण्यात बसतो आणि बोट जणू आपणच उठवलेली लाट चढू लागते. तिथून पुढे डिझेल कितीही ओतले तरी वेग फारसा वाढत नाही, काळा धूर तेवढा वाढतो.

जहाज आणि लाट यांचे हे नाते विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने 1870 च्या दशकात टॉर्की येथे लांबलचक हौदात लहान नमुने ओढून अभ्यासले. त्यावरून चालत आलेला साधा आडाखा असा: पाण्याला टेकलेली बोटीची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. लांबी 36 फूट असेल तर वर्गमूळ 6, म्हणजे वेगाची मर्यादा सुमारे 8 नॉट. 49 फुटांना ती सुमारे 9.4 नॉट येते. मोठे इंजिन बसवल्याने ही मर्यादा फारशी हलत नाही.

आता खर्च पाहू. इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, आपली 36 फुटी बोट 8 नॉटने जाताना तासाला 20 लिटर डिझेल घेते. 40 सागरी मैल जायला 5 तास आणि 100 लिटर लागतील. तीच बोट 7 नॉटने नेली तर तासाला सुमारे साडेतेरा लिटर पुरतात. वेळ लागतो 5 तास 43 मिनिटे आणि डिझेल सुमारे 77 लिटर. पाऊण तास उशीर, पण एका बाजूला 23 लिटरची बचत. परतीचे धरले तर 46. हा हिशेब अंदाजाचा आहे, प्रत्येक बोटीचे आकडे वेगळे येतील. पण कल हाच राहील.

यावर तांडेल म्हणतील, "आधी पोहोचेल त्याच्या मासळीला भाव." बरोबर आहे. लिलाव गाठायचा असेल किंवा वारा फिरला असेल, तेव्हा वेग हवाच. परंतु जाताना कोणता लिलाव थांबलेला असतो? निदान जातानाचा एक नॉट तरी कमी करता येईल. जाळे ओढतानाचा हिशेब निराळा. तिथे जाळ्याचाच ओढा मोठा असतो.

आपल्या बोटीचा आकडा काढणे अवघड नाही. शांत पाण्यात इंजिनाचे फेरे एकाच आकड्यावर ठेवा, जीपीएसवर वेग पाहा आणि अर्ध्या तासात टाकीतले किती डिझेल उतरले ते मोजा. प्रवाहाचा फरक निघावा म्हणून उलट दिशेनेही तसेच करा. तासाला किती लिटर, यापेक्षा मैलाला किती लिटर, हे लिहून ठेवा. 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात बोट वर ओढलेली असते, तेव्हा तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडून काढा. पंख्याची वाकलेली पाती सरळ करून घ्या. खडबडीत तळ त्याच वेगाला जास्त डिझेल मागतो.

सरकार मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा देते, तो मिळवावाच. मात्र परतावा फक्त कराचा असतो. लिटरची बाकी किंमत आपलीच.

बऱ्याच घरांत फेरीच्या हिशेबाची वही घरच्या बाईकडे असते. त्या वहीत मासळी आणि बर्फ यांच्या शेजारी दोन रकाने वाढवावेत: जातानाचा वेग आणि लागलेले लिटर. आठवी-नववीतली मुले भागाकार करून देतील. चार फेऱ्यांनंतर ती वही तांडेलासमोर ठेवा.