खिडकी बंद केल्यानंतर



घरात कोंडून राहणे म्हणजे काय, हे 2020 सालच्या उन्हाळ्याने आपणा सर्वांनाच शिकविले. त्या दीर्घ कोंडणुकीतील एक रात्र मात्र माझ्या स्मरणात वेगळी राहिली आहे. ती 6 जूनची रात्र. आम्ही उभयता घाटकोपरच्या घरात दोघेच होतो. चिरंजीव व सूनबाई टाळेबंदीपूर्वी तिच्या माहेरी गेले आणि तिकडेच अडकले. सूर्यास्तापूर्वीच आमचा चौविहार झाला होता, प्रतिक्रमणही आटोपले होते. निजण्याची तयारी चालली असता सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, गॅस उघडा राहिला का?"

शेगडी बंद होती. वास घरातला नव्हता, खिडकीतून येत होता. थोड्याच वेळात शेजाऱ्यांचे दूरध्वनी सुरू झाले. चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, पवई, सर्वत्र तीच तक्रार. वास कसला, येतो कोठून, कोणालाच सांगता येईना. महापालिकेची सूचना आली : घाबरू नका, घराबाहेर पडू नका, खिडक्या बंद ठेवा, त्रास होत असल्यास नाकातोंडावर ओले फडके धरा.

वरवर पाहता प्रसंग एवढाच. पण त्याला नुकत्याच घडलेल्या घटनेची पार्श्वभूमी होती. बरोबर एक महिन्यापूर्वी, 7 मेच्या पहाटे, विशाखापट्टणममधील एका पॉलिमर कारखान्यातून स्टायरीनची वाफ बाहेर पडली होती आणि झोपेत असलेल्या वस्तीतील माणसे रस्त्यावर कोसळली होती. बारा जणांचे प्राण गेले. ती दृश्ये आम्ही दोघांनी दूरचित्रवाणीवर पाहिली होती. त्यामुळे त्या रात्री मी खिडक्या लावल्या तेव्हा माझे हात थरथरत होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

सौभाग्यवतींनी दाराच्या फटीत ओला टॉवेल सारला, स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा बंद केला, गाळलेल्या पाण्यात दोन पंचे भिजवून एक मला दिला. आम्ही मधल्या खोलीत बसलो. त्यांनी सामायिकाची दोन घडी धरली. मीही नवकार म्हणू लागलो, पण चित्त ठरेना. तासाभरापूर्वीच प्रतिक्रमणात वायुकायाच्या जीवांची क्षमा मागितली होती, तीही पाठ असलेल्या ओघात. आता तोच वायू खिडकीच्या काचेला येऊन टेकला होता आणि मला त्याची भीती वाटत होती.

सामायिक पारून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, आपण खिडकी लावली. पण खाली फाटकावर जो बसला आहे, त्याला खिडकी कुठे आहे?"

मी निरुत्तर झालो. टाळेबंदीमुळे गावी जाता न आलेला आमच्या इमारतीचा रखवालदार अडीच महिने तेथेच राहत होता. मी म्हणालो, "अगं, बाहेर पडू नका अशी सूचना आहे. शिवाय हे दिवस रोगाचे." त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सूचना आपल्यापर्यंत फोनवर आली. त्याच्याकडे साधा फोन आहे."

इंटरकॉमवर त्याने पहिल्या घंटेलाच उत्तर दिले. तोंडाला गमछा बांधून तो फाटकावर उभा होता. वास त्यालाही येत होता, परंतु उठून जावे कोठे आणि विचारावे कोणाला, हे कळत नव्हते. मी सचिवांना उठविले. तळमजल्यावरील सोसायटीच्या कार्यालयाचे कुलूप काढून, खिडकी लावून, त्याला आत बसविले. पाण्याची बाटली व ओला पंचा घेऊन मी जिना उतरलो. येण्याजाण्यास पाच मिनिटे लागली असतील. मात्र ती पाच मिनिटे मी मनाने उतरलो नव्हतो, लाजेने उतरलो होतो.

वास पुढे विरला. अग्निशमन दलाच्या गाड्या फिरल्या, शोध झाला, पण त्या रात्री उगम हाती लागला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, 19 सप्टेंबर 2019 रोजीही मुंबईत अशाच अनाकलनीय वासाने लोकांना घाबरविले होते. सकाळी लोक कामाला लागले आणि विषय संपला. माझ्यापुरता मात्र तो तेव्हा सुरू झाला. कारण वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे की माझा व्यवसाय रंग-रसायनांचा आहे. वडगादीत पेढी आणि भिवंडीला गोदाम. पहाटे अंथरुणात मला एकच प्रश्न छळत होता : माझ्या गोदामामुळे एखाद्या रात्री कोणाला खिडकी लावून बसावे लागले, तर त्याला कारण कळेल का?

या प्रश्नाचे सर्वांत भीषण उत्तर आपल्याच देशाने पाहिले आहे. 2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. तो थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता. या चुका प्रसिद्ध आहेत. परंतु व्यापाऱ्याने लक्षात घ्याव्यात अशा आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली ही की मिथिल आयसोसायनेट हा विकावयाचा माल नव्हताच. ते कीटकनाशक बनविताना मध्ये लागणारे द्रव्य होते. लागेल तसे तयार करून लगेच वापरता आले असते. तरीही त्याचे टनावारी साठे टाक्यांत भरून ठेवले गेले. दुसरी ही की भोवतालच्या वस्तीला कोणी काही सांगितलेले नव्हते. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरला. माणसे धावत सुटली, धावताना श्वास वाढला, श्वासाबरोबर विष वाढले. ओल्या फडक्याने तोंड झाका, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, हे दोन शब्द त्यांना आधी कोणी सांगितले असते तर कित्येक प्राण वाचले असते. हजारो गेले.

आपल्या पूर्वाचार्यांनी श्रावकाच्या भोगोपभोग परिमाण व्रताच्या संदर्भात पंधरा कर्मादाने सांगितली, त्यांत विषवाणिज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. लहानपणापासून मी ते ऐकत आलो आणि विष म्हणजे सोमल किंवा अफू असावी, अशी सोयीची समजूत करून घेतली. थिनर, आम्ल, विद्रावक हे 'केमिकल' म्हणून विकले की त्यांचे विषपण बिलातून गळून पडते. आज रसायनाशिवाय जग चालत नाही. औषध, कापड, शाई, सर्वांस ते लागते. म्हणून मी धंदा सोडला असे सांगून आपली फसवणूक करणार नाही. परंतु परिग्रहाची मर्यादा केवळ सोन्यानाण्यालाच लागू आहे, असे कोठे म्हटले आहे? जे द्रव्य दुसऱ्याच्या श्वासात शिरू शकते, त्याचा गरजेहून अधिक साठा हा परिग्रह तर आहेच, तो हिंसेची पूर्वतयारीही आहे. आपल्या जवळ नाही ते गळणार नाही, हे सुरक्षिततेचे साधे तत्त्व अभियंते मांडतात. अपरिग्रहाचा अर्थ याहून निराळा काय आहे?

दुकाने एक दिवसाआड उघडू लागली तेव्हा मी भिवंडीला गेलो. मार्चच्या अखेरच्या आठवड्यापासून गोदामाला कुलूप होते. पत्र्याच्या छपराखाली मे महिन्याच्या उष्म्याने दोन पिंपांची झाकणे फुगली होती. भिंतीपलीकडे यंत्रमाग कामगारांच्या खोल्या. त्यांतल्या एका गृहस्थास मी विचारले, "येथे काय ठेवलेले असते, माहीत आहे?" तो म्हणाला, "रंग असेल, शेठ." इतकी वर्षे आम्ही शेजारी होतो!

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. साठा दोन महिन्यांच्या गरजेवरून तीन आठवड्यांच्या गरजेवर आणला. प्रत्येक द्रव्याचे सुरक्षा-पत्रक पुरवठादाराकडून मागवून गोदामात लावले, आणि बाहेर मराठी, हिंदी व उर्दूत फलक लावला : आत काय आहे, वास आल्यास काय करावे, कोणाला फोन करावा. पत्र्याखाली वायुवीजनाची सोय करून घेतली. चिरंजीवांना पहिली गोष्ट पटली नाही. "पप्पा, घाऊक खरेदीची सूट जाते, भाव वाढले की आपणच पस्तावू," असे ते म्हणाले. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, सूट गेलीच. ती त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसते. भिंतीपलीकडच्या खोल्यांतील झोप ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

घातक रसायनांच्या साठवणीबाबत 1989 चे केंद्रीय नियम आहेत. मोठ्या साठ्यांच्या जागी भोवतालच्या लोकांना आधी माहिती देण्याचे बंधन त्यांत घातले आहे. माझ्यासारख्या लहान व्यापाऱ्याचा साठा त्या मर्यादेच्या खालीच राहतो. परंतु नियम जेथे थांबतो तेथे व्रत सुरू होते, अशी माझी समजूत आहे.

गृहिणींसाठी दोन शब्द. वास बाहेरून येत असेल तर दारे-खिडक्या, पंखे, वातानुकूलन बंद करावे, फटींत ओले कापड सारावे आणि आतल्या खोलीत बसावे. बाहेर पडणे अटळ झाल्यास वाऱ्याच्या आडव्या दिशेने चालावे. मात्र स्वयंपाकाच्या गॅसची गळती घरातच असेल तर याच्या उलट : खिडक्या उघडाव्यात, विजेच्या कोणत्याही बटणास हात लावू नये, नळी किंवा सिलिंडर बंद करून बाहेर यावे. घरातील लहानथोरांना हा भेद आजच समजावून सांगावा.

बारा व्रतांतील देशावकाशिक व्रतात श्रावक ठराविक काळापुरती आपल्या वावराची सीमा आखून घेतो. त्या रात्री आमची सीमा परिस्थितीने आखली होती, त्यात आमचे पुण्य काही नव्हते. सौभाग्यवतींनी ती सीमा फाटकापर्यंत वाढविली, तेव्हा कोठे तिला व्रताची छटा आली. अजूनही उकाड्याच्या रात्री त्या खिडकी लावायला उठल्या की आधी खाली डोकावून पाहतात. फाटकावर आता दुसरा रखवालदार असतो. सोसायटीच्या कार्यालयाची एक किल्ली आम्ही त्याच्याकडे दिलेली आहे.